व्रत, मानधन आणि काम : मराठीतील संशोधनसंस्थाविषयक लेखनाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील जुन्या संशोधनसंस्थांविषयी मराठीत पुष्कळ लेखन झाले आहे. हे लेखन बहुधा प्रसंगाने जन्माला येते. संस्थेचा सुवर्णमहोत्सव किंवा शताब्दी, एखाद्या ज्येष्ठ संशोधकाची पंचाहत्तरी अथवा निधन असे काही निमित्त घडते आणि स्मरणिका, गौरवग्रंथ, मृत्युलेख किंवा आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध होते. चरित्र आणि आत्मचरित्र या वाङ्मयप्रकारांची मराठी समीक्षेने जेवढी दखल घेतली, तेवढी या संस्थाविषयक लेखनाची घेतलेली नाही. सन, नावे आणि खंडांची संख्या पडताळण्यापुरते ते चाळले जाते व पुन्हा कपाटात जाते. त्याची भाषा कशी आहे, ती कोणाविषयी बोलते आणि कोणाविषयी मौन पाळते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखाचा हेतू मर्यादित आहे. नफ्यासाठी न चालणाऱ्या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला जे चढउतार येतात, ते या लेखनात कोणत्या शब्दांनी व्यक्त होतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे. उदाहरणे मुख्यतः पुण्यातील आहेत. कारण 1910 ते 1966 या काळात अशा संस्थांचे जे दाट जाळे पुण्यात विणले गेले, त्यातूनच संशोधकाची मराठी प्रतिमा घडली. प्रस्तुत लेखिकेने एम.फिल. झाल्यानंतर व महाविद्यालयात रुजू होण्यापूर्वी अशाच एका संस्थेत अडीच वर्षे हस्तलिखितांच्या सूचीचे काम केले आहे. हा अनुभव लेखात फारसा येणार नाही. परंतु विषयाकडे पाहण्याची दृष्टी त्यातून आली आहे, हे आरंभीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

‘व्रत’ ही प्रतिमा

या लेखनातील सर्वांत आवडता शब्द ‘व्रत’ हा आहे. त्याच्या मागोमाग ‘तपश्चर्या’, ‘ज्ञानयज्ञ’, ‘साधना’, ‘निरपेक्ष सेवा’ हे शब्द येतात. संशोधक व्रतस्थ असतो, संस्था ही तपोभूमी असते, आणि तेथे वेतन घेऊन काम करणारा मनुष्यसुद्धा ‘सेवक’ असतो. हे शब्द धार्मिक व्यवहारातून आलेले आहेत हे उघड आहे. त्यांचा मूळ पुरुष मात्र इतिहासाचार्य वि. का. राजवाडे हे आहेत असे म्हणता येईल.

राजवाडे (1863–1926) यांचे जीवन या प्रतिमेला इतके अनुरूप होते की प्रतिमा त्यांच्यावरूनच बेतली गेली असावी असे वाटते. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. नोकरी फार काळ केली नाही. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरची आणि अडगळीतली दप्तरे धुंडाळून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे 22 खंड सिद्ध केले; पहिला खंड 1898 मध्ये आला. 7 जुलै 1910 रोजी खं. चिं. मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. एकट्या माणसाने जन्मभर जे केले, ते आता संस्थेने करावे, अशी ही कल्पना होती.

परंतु ज्यांनी मंडळ स्थापन केले, ते राजवाडेच मतभेद होऊन मंडळापासून दूर झाले, ही गोष्ट गौरवपर लेखनात एखाद्या वाक्यात आटोपली जाते. तिचे स्पष्टीकरणही ठरलेले असते : राजवाडे विक्षिप्त होते, तापट होते. त्यांच्या स्वभावाचा यात वाटा असेलच. तथापि या घटनेतून एक वेगळा प्रश्न उभा राहतो. व्रत ही एकट्याने घ्यावयाची गोष्ट आहे. संस्थेला मात्र सभासद, वर्गणी, ठराव, हिशेब, जागेचे भाडे आणि बैठकीचे इतिवृत्त यांच्यावाचून गत्यंतर नसते. व्रताची भाषा घेऊन संस्था चालवावयाची म्हटले की हा ताण कोठेतरी उघडा पडणारच. राजवाड्यांच्या पश्चात धुळ्याला त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांचा संग्रह तेथे जपला गेला. संस्थेपासून दूर गेलेल्या माणसाचे काम अखेर दुसऱ्या एका संस्थेनेच सांभाळले, हा विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे.

व्रताच्या या प्रतिमेला दुसरीही एक बाजू आहे. ती निःसंग माणसाची प्रतिमा आहे. ज्याच्या घरी कोणी वाट पाहत नाही, ज्याला मुलांची फी भरावयाची नाही, त्याच्या मापाने हे वस्त्र शिवलेले आहे. पुढे संस्थांमध्ये जी माणसे आली, त्यांना घरे होती. वस्त्र मात्र तेच राहिले.

पाठभेदांचे तक्ते

संस्थेतील काम प्रत्यक्षात कसे असते हे पाहण्यासाठी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीइतके चांगले उदाहरण नाही. रा. गो. भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, 6 जुलै 1917 रोजी, संस्था स्थापन झाली. भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. टाटा बंधूंच्या देणगीतून इमारत झाली, आणि डेक्कन कॉलेजमधील शासकीय हस्तलिखितांचा संग्रह 1918 मध्ये संस्थेकडे आला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारतासाठी एक लाख रुपयांचे आश्वासन दिले आणि 1 एप्रिल 1919 रोजी कामाचा प्रारंभ झाला. ते पूर्ण झाल्याची घोषणा 22 सप्टेंबर 1966 रोजी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झाली. मध्ये 47 वर्षे गेली.

ही 47 वर्षे गौरवलेखनात एका दमात सांगितली जातात. 1,259 हस्तलिखिते, 19 खंड, 13 हजारांहून अधिक पृष्ठे, असे आकडे एकापाठोपाठ येतात व वाचक थक्क होतो. थक्क झालेला वाचक पुढचा प्रश्न विचारीत नाही. हा प्रश्न असा की, यातील एका दिवसाचे काम कसे असे?

त्याचे उत्तर विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या आदिपर्वाच्या विख्यात प्रस्तावनेत आहे. 1933 साली पूर्ण झालेल्या त्या पर्वाच्या प्रस्तावनेचा अभ्यास पाठचिकित्सेच्या सिद्धान्तासाठी होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु तिच्यात कार्यपद्धतीचेही वर्णन आहे. प्रचलित पाठातील ओळ चौकटी आखलेल्या कागदावर अक्षर सुटे करून लिहावयाची. तिच्याखाली एकेका हस्तलिखितातील पाठ, जेथे तो वेगळा असेल तेथे, त्याच अक्षराच्या रकान्यात भरावयाचा. एका ओळीसाठी किमान दहा हस्तलिखिते, कित्येक ठिकाणी त्याहून पुष्कळ अधिक. देवनागरीबरोबर शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम या लिपी. सर्व पोथ्या पुण्यात आणणे शक्य नव्हते म्हणून शांतिनिकेतन आणि तंजावर येथेही पाठ नोंदवण्याची व्यवस्था करावी लागली.

हे काम करणारे शास्त्री आणि पदवीधर तरुण होते. दिवसाला काही श्लोक, ते संपले की पुढचे श्लोक, आणि एखादे अक्षर चुकले तर पुढे संपादकाचा निर्णय चुकण्याची भीती. यात प्रतिभेचा प्रश्न नाही, पण निष्काळजीपणाला तिळमात्र जागा नाही. प्रस्तुत लेखिकेने केलेले काम याच्या शतांशानेही अवघड नव्हते. तरीही जीर्ण पत्रांवरची अक्षरे भिंगातून तासन्‌तास पाहिल्यानंतर संध्याकाळी बसच्या पाट्या वाचताना डोळ्यांपुढे काय होते, हे तिला ठाऊक आहे.

या प्रकल्पातील उतारांचीही नोंद घेतली पाहिजे. पहिले संपादक ना. बा. उटगीकर यांनी 1923 मध्ये विराटपर्वाची आवृत्ती नमुन्यादाखल काढून ती विद्वानांकडे अभिप्रायार्थ पाठविली. 1925 मध्ये सुखटणकर प्रमुख संपादक झाले आणि कामाची नव्याने आखणी झाली. विराटपर्व पुढे रघुवीर यांच्या संपादनाने 1936 मध्ये पुन्हा निघाले. संशोधनाच्या दृष्टीने हे सर्वस्वी योग्य होते. पहिल्या प्रयत्नावाचून दुसरा झालाच नसता. पण ज्याची काही वर्षे त्या पहिल्या प्रयत्नात गेली, त्याच्या दृष्टीने पाहिले तर? ‘प्राथमिक प्रयत्न’ या दोन शब्दांत त्या वर्षांची बोळवण होते. स्वतः भांडारकर 1925 मध्ये गेले, तेव्हा चिकित्सक आवृत्तीचा एकही भाग छापून निघालेला नव्हता. सुखटणकर मुंबई विद्यापीठाच्या व्याख्यानमालेतील चौथे व्याख्यान देण्यापूर्वीच 21 जानेवारी 1943 रोजी निधन पावले. ती व्याख्याने ग्रंथरूपाने 1957 मध्ये आली. त्यांच्यानंतर श्री. कृ. बेलवलकर आणि मग प. ल. वैद्य यांनी धुरा वाहिली. संस्थेचे आयुष्य आणि माणसाचे आयुष्य यांची मापे वेगळी असतात. संस्थेत काम करणाऱ्याला दुसऱ्या मापाने जगून पहिल्या मापाने काम करावे लागते.

गोडे आणि जिलेबी

येथवरच्या विवेचनावरून व्रताची भाषा केवळ शोषण झाकणारी आहे, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो एकांगी ठरेल. त्या भाषेत एक सत्य आहे आणि ते परशुराम कृष्ण गोडे यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

गोडे (1891–1961) 1919 पासून भांडारकर संस्थेचे अभिरक्षक होते. हस्तलिखिते सांभाळणे, मागणाऱ्याला ती काढून देणे, पत्रांना उत्तरे लिहिणे आणि वर्णनात्मक सूची सिद्ध करणे हे त्यांचे काम. अलंकार, संगीत व नाट्य या विषयांवरील हस्तलिखितांची त्यांनी केलेली सूची 1936 मध्ये आणि नाटकांची 1937 मध्ये प्रसिद्ध झाली. पदाच्या दृष्टीने हे संपादकाचेही नव्हे, अध्यापकाचेही नव्हे. पण या कामातून त्यांनी चारशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. विषय पाहिले तर मौज वाटते : नथ हा अलंकार आपल्याकडे कधीपासून आहे, तंबाखू केव्हा आली, चष्म्याचा पहिला उल्लेख कोठे सापडतो, बंदुकीच्या दारूचा वापर, आणि जिलेबीचा इतिहास.

हे निबंध ज्या रीतीने रचलेले आहेत, ती रीत सूचीकाराची आहे. गोडे सिद्धान्त मांडीत नाहीत. एका पोथीतील उल्लेख, तिची तारीख, दुसऱ्या पोथीतील उल्लेख, तिची तारीख, अशी मांडणी करीत ते ‘या सनापूर्वी ही वस्तू येथे होती’ एवढेच सिद्ध करतात. पुराव्याच्या पलीकडे पाऊल टाकावयाचे नाही. साहित्याच्या अभ्यासकाला ही शैली रूक्ष वाटेल. प्रस्तुत लेखिकेला ती मराठी संशोधकाने इंग्रजीत लिहिलेल्या सर्वांत सभ्य गद्यांपैकी एक वाटते. ती रोज हजारो पत्रे हाताखालून जाणाऱ्या माणसाची शैली आहे. कोणत्या पोथीत काय आहे हे त्याला कोणाला विचारावे लागत नाही.

असे लेखन विद्यापीठाच्या विभागात झाले असते का? 2010 च्या नियमावलीने आपल्याकडे गुणांकनाची पद्धत आणली तेव्हापासून प्रत्येक निबंधाला वजन आहे, प्रत्येक परिसंवादाला वजन आहे, आणि वर्षअखेरीस बेरीज आहे. पुढे त्या पद्धतीत फेरफार झाले, परंतु बेरजेची सवय गेली नाही. जिलेबीच्या इतिहासासाठी वीस वर्षे टिपणे जमवणाऱ्या माणसाला आपण कोणत्या रकान्यात बसवू? नफ्याचा आणि अध्यापनाचा दोन्ही तगादा नसलेली संस्था ही अशा कुतूहलाची खरी जागा होती. महिन्याकाठी थोडे घेऊन अभ्यासाचे स्वातंत्र्य पुष्कळ मिळवणे, हा सौदा कित्येकांनी डोळसपणे केला. तो ‘त्याग’ होता असे म्हणण्याने त्यांच्या निवडीचा अपमानच होतो. त्यांना ते काम आवडत होते.

भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांच्याविषयीही असेच म्हणता येईल. फारसी कागद, शिलालेख, मूर्ती, नाणी अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी जो अधिकार मिळवला, तो दप्तरखान्यात बसून मिळवला. ‘मूर्तिविज्ञान’सारखा ग्रंथ त्यातून आला, तसेच ‘संशोधकाचा मित्र’ हे संशोधनाच्या साधनांचे हस्तपुस्तकही आले. या दुसऱ्या पुस्तकाचे नावच बोलके आहे. ज्याच्या दाराशी रोज कोणी ना कोणी ‘ही अक्षरे लागत नाहीत’ म्हणून येतो, त्यालाच ते सुचावे.

केतकरांचा शब्द

व्रताच्या भाषेला मराठीत पर्याय नव्हता असे नाही. तो श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी दिला. मात्र त्यांची संस्था धर्मादाय नव्हती, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन परतलेल्या केतकरांनी ज्ञानकोशासाठी 1916 साली नागपुरास मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळवण्यासाठी गावोगाव हिंडले, आणि पुढे कार्यालय पुण्यास आणले. ज्ञानाचा व्यवहार उघडपणे व्यवहार म्हणून चालवण्याचा हा प्रयत्न होता. तो यशस्वी झाला की नाही याविषयी मतभेद होतील : कोश पूर्ण झाला, पण केतकरांची उत्तरायुष्यातील वर्षे विवंचनेत गेली आणि 1937 मध्ये, त्रेपन्नाव्या वर्षी, ते वारले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व एका शीर्षकात आहे. ज्ञानकोशमंडळाचा इतिहास त्यांनी 1927 मध्ये लिहिला आणि त्याला नाव दिले ‘माझे बारा वर्षांचे काम’. व्रत नव्हे, यज्ञ नव्हे, सेवा नव्हे, काम. शिवाय त्याची वर्षे मोजलेली. ज्या गोष्टीला ‘काम’ म्हटले जाते, तिला आरंभ असतो, शेवट असतो, तिचा हिशेब मागता येतो, ती दुसऱ्याला वाटून देता येते आणि तिचे दाम ठरवता येते. तपश्चर्येच्या बाबतीत यांपैकी काहीच शक्य नसते. केतकर समाजशास्त्रज्ञ होते. शब्दांची निवड त्यांनी अजाणता केली असेल असे वाटत नाही.

या कार्यालयातून आणखी एक गोष्ट निष्पन्न झाली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे केतकरांचे सहकारी पुढे ‘महाराष्ट्र शब्दकोशा’च्या संपादकांमध्ये होते. तो सात भागांत 1932 ते 1938 या काळात प्रसिद्ध झाला आणि आजही आपल्या प्रत्येक ग्रंथालयात आहे. एक कार्यालय बंद पडले तरी तेथे शिकलेले हात दुसरीकडे उपयोगी पडले. संस्थेचे यश मोजताना हा लाभ कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

आणि एक खर्चही दिसत नाही. तो शीलवतीबाई केतकर यांच्या ‘मीच हे सांगितले पाहिजे’ या पुस्तकातून कळतो. मूळच्या एडिथ कोहन, जर्मन ज्यू कुटुंबातील. विंटरनिट्झच्या भारतीय वाङ्मयाच्या इतिहासाचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या विदुषी. मोठ्या विद्वत्कार्याच्या मागे जे घर चालते, त्या घराच्या बाजूने लिहिलेली पुस्तके मराठीत थोडी आहेत. या पुस्तकाचे शीर्षकही विचारात घेण्यासारखे आहे. ‘मीच’ या शब्दातील ‘च’ असे सुचवतो की दुसरे कोणी हे सांगणार नाही, याची लेखिकेला खात्री झालेली होती. संस्थाचरित्रांच्या भाषेवर याहून नेमकी टीका कोणी केल्याचे प्रस्तुत लेखिकेच्या वाचनात नाही.

मानधन

आता आजच्या परिस्थितीकडे वळू. अशा बहुतेक संस्था 1860 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली अथवा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेल्या आहेत. जुन्या गंगाजळीचे व्याज, थोडी देणगी, थोडे शासकीय अनुदान आणि ठराविक मुदतीचे प्रकल्प यांवर त्या चालतात. स्थायी कर्मचारी निवृत्त झाला की ती जागा बहुधा भरली जात नाही. तिच्या जागी ‘प्रकल्प साहाय्यक’ येतो. त्याला वेतन नसते, मानधन असते.

‘मानधन’ हा शब्द मुळात प्रतिष्ठित आहे. व्याख्यात्याला, परीक्षकाला, ज्याचे पोट त्यावर अवलंबून नाही अशा माणसाला आदराने द्यावयाची रक्कम ती मानधन. ज्याचे घरभाडे त्यावर चालते, त्याच्या महिन्याच्या प्राप्तीलाही हाच शब्द लावला जातो, तेव्हा त्याचा अर्थ उलटतो. वेतनाला तारीख असते, वाढ असते, रजा असते, भविष्यनिर्वाह निधी असतो. मानधनाला मान असतो. प्रकल्पाचे अनुदान हप्त्याने येते. पहिला हप्ता खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र पाठवावे, ते मंजूर व्हावे, मग दुसरा हप्ता. मधल्या काळात काम थांबत नाही, कारण मुदत थांबत नाही. प्रस्तुत लेखिकेच्या अडीच वर्षांत असा मधला काळ दोनदा आला. एकदा तो पाच महिन्यांचा होता. कोणी वाईट वागले नाही. चिटणीस स्वतः मानद होते, एक पैसा घेत नसत, आणि म्हणूनच त्यांच्याकडे आपला पैसा मागणे हे अशिष्टपणाचे वाटे. व्रताची भाषा प्रत्यक्षात कशी काम करते हे तेव्हा समजले. तिला कोणी आज्ञा द्यावी लागत नाही.

त्याच अडीच वर्षांतील दुसरी आठवणही सांगितली पाहिजे, नाहीतर हे चित्र खोटे होईल. निवृत्तीनंतरही रोज येणारे एक वृद्ध शास्त्री दुपारच्या चहानंतर आमच्या टेबलाशी येत. एका संध्याकाळी त्यांनी दोन वेगवेगळ्या बासनांतील पोथ्या शेजारी ठेवल्या आणि हरताळ लावण्याची पद्धत व ‘ख’ काढण्याची लकब पाहून सांगितले की दोन्ही एकाच लेखनिकाच्या हातच्या आहेत. एकीत पुष्पिका होती, दुसरीतील शेवटचे पत्र हरवले होते. तेव्हा दुसरीचेही स्थळ आणि काळ ठरवण्यास आधार मिळाला. एम.फिल.च्या दोन वर्षांत जे शिकले नव्हते ते त्या पंधरा मिनिटांत शिकता आले. अशा संध्याकाळी कोणी मानधनाचा विचार करीत नाही. ही पदवी आता 2022 च्या नियमावलीने बंदच झाली आहे. तो चहाही बंद झाला असल्यास आश्चर्य नाही, कारण तो पाजणारी पिढी संपत आली.

पुष्पिकेचा उल्लेख आला म्हणून एक निरीक्षण नोंदवते. पोथीच्या शेवटी लेखनिक आपले नाव, गाव, शक आणि तिथी लिहितो, ज्याच्यासाठी पोथी लिहिली त्याचेही नाव लिहितो. आणि पुष्कळ ठिकाणी पाठ, कंबर व मान मोडून हे लिहिले आहे, तरी जपून ठेवा, अशा अर्थाचा श्लोक घालतो. तो श्लोक ठरीव आहे, त्यात वैयक्तिक काही नाही, असे म्हटले जाते. असेल. पण शरीरश्रमाची नोंद ग्रंथाचा भाग म्हणून करण्याची रूढी त्यामागे आहे, ती ठरीव म्हणून सोडून देण्यासारखी नाही. आम्ही सिद्ध केलेल्या सूचीत शेकडो लेखनिकांची नावे आहेत, कारण ती नोंदवणे हा सूचीचा नियमच आहे. मुखपृष्ठावर प्रकल्पप्रमुखांचे नाव आहे, आतील पानावर विश्वस्तांची नावे आहेत. पत्रे मोजणाऱ्या चार साहाय्यकांपैकी कोणाचे नाव कोठेही नाही. ‘संस्थेचे सेवक’ यांचे आभार आहेत.

5 जानेवारी 2004 रोजी भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, तेव्हा वृत्तपत्रांतून जे लिहिले गेले त्यातही हाच भाषिक प्रकार दिसतो. एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरून उसळलेला तो क्षोभ होता. त्यानंतरच्या चर्चेत इतिहास, अस्मिता, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि ‘अमूल्य ठेवा’ हे शब्द सर्व बाजूंनी वापरले गेले. ठेवा हा कोणीतरी ठेवलेला असतो आणि कोणीतरी रोज झाडून पुसून ठेवत असतो, हे त्या चर्चेत फारसे आले नाही. उलथलेल्या कपाटांतील पत्रे पुन्हा क्रमाने लावणे हे काम अखेर तेथील कर्मचारी आणि मदतीला आलेले स्वयंसेवक यांच्याच हातून झाले. विखुरलेल्या पत्रांतून एक पोथी पुन्हा जुळवावयाची म्हणजे काय करावे लागते, याविषयी एखादा लेख तरी तेव्हा यावयास हवा होता.

गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थी अशाच एका संस्थेतील प्रकल्पाची जाहिरात घेऊन विभागात आला. अकरा महिन्यांची मुदत, मोडी वाचता येणे आवश्यक, मानधन नियमानुसार. त्याने दोन गोष्टी विचारल्या : तेथे शिकायला काय मिळेल, आणि पैसे वेळेवर मिळतात का. पहिल्या प्रश्नावर मी तासभर बोलले. दुसऱ्यासाठी त्याला एवढेच सांगितले की, मुलाखतीत अनुदानाचा पहिला हप्ता जमा झाला आहे का ते विचार, आणि सूचीच्या मुखपृष्ठावर कोणाकोणाची नावे येणार तेही विचार. असे विचारलेले चालते का, असे तो म्हणाला.